गिरणगावाचा बुलंद आवाज : शाहीर अमर शेख

लोअर परळ स्थानकाच्या पुलावरून उतरणाऱ्या आजच्या नोकरदाराला समोर दिसतात ते काचेचे मनोरे, मॉल आणि उपाहारगृहे. फिनिक्स, कमला, मथुरादास ही नावे आता खरेदीच्या व कार्यालयांच्या पत्त्यांत उरली आहेत. ती कधी काळी कापड गिरण्यांची नावे होती, त्यांच्या भोंग्यांवर लाखो संसारांची घड्याळे लावली जात होती, हे नव्या पिढीला सांगावे लागते. ना. म. जोशी मार्गावरच्या, म्हणजे जुन्या डिलाईल रोडवरच्या बीडीडी चाळींच्या जागीही नव्या इमारती उभ्या राहत आहेत. या परिसराने शहराला कापड दिले, तसेच गाणेही दिले. ते गाणे सभागृहात तिकीट लावून ऐकण्याचे नव्हते. पाळी सुटल्यावर मैदानात, चाळीच्या अंगणात, संपाच्या सभेत डफाच्या तालावर ते उसळत असे. त्या गाण्याचा सर्वांत बुलंद आवाज होता शाहीर अमर शेख यांचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील गायक म्हणून अमर शेख यांचे नाव आजही घेतले जाते. परंतु त्यांचे मोठेपण तेवढ्यापुरते नाही. बार्शीच्या एका गरीब मुसलमान घरातला हा मुलगा मराठी शाहिरीचा वारसदार झाला. जात, धर्म, प्रांत आणि बोली यांनी विभागलेल्या कामगारांना एका डफाभोवती बसवण्याचे काम त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी केले. कलेच्या आधारे माणसे एकत्र येतात, स्वतःच्या दुःखाची कारणे ओळखतात आणि ताठ मानेने उभी राहतात, याचा मराठी मुलखातला हा एक मोठा प्रयोग होता.

बार्शीचे दिवस

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे झाला. बार्शी ही धान्याची आणि कापसाची पेठ. भगवंताचे मंदिर असलेले हे गाव वारकऱ्यांच्या वाटेवरचे. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाल्यानंतर येथील व्यापार वाढला, गिरण्यांचे भोंगे ऐकू येऊ लागले आणि आसपासच्या खेड्यांतील भूमिहीन माणसे मजुरीसाठी येथे येऊ लागली. मेहबूबचे बालपण अशा गावात, पण पेठेच्या श्रीमंतीपासून दूर, विपन्नावस्थेत गेले.

घरात पैसा नव्हता, पण गाणे होते. आई मुनेरबी हिला लोकगीतांचा मोठा साठा मुखोद्गत होता. जात्यावरच्या ओव्या, सणावारांची गाणी, सासर-माहेरची गीते हे धन तिने मुलाला दिले. पुढे लाखोंच्या सभा जिंकणाऱ्या शाहिराची पहिली शाळा ही अशी आईच्या गळ्यात होती. मुसलमान घरातल्या आईने मराठी लोकगीते गावीत यात त्या काळच्या बार्शीत कोणालाही नवल वाटत नसे. श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ग्रंथरचना केली. पेशवाईच्या अखेरच्या काळातील नामवंत शाहीर सगनभाऊ हे मुसलमान होते आणि त्यांच्या लावण्या-पोवाडे महाराष्ट्राने डोक्यावर घेतले होते. मेहबूबने हाती घेतलेला डफ त्याला परका नव्हता. तो त्याच्या पूर्वसुरींचाच होता.

परिस्थितीमुळे शिक्षण फार होऊ शकले नाही. कोवळ्या वयात त्यांना मोटारगाडीवर क्लीनरचे काम करावे लागले. नंतर ते गिरणीत कामगार झाले. याच सुमारास सोलापूर जिल्हा स्वातंत्र्य चळवळीने पेटला होता. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारण्यात आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी देण्यात आले. वेगवेगळ्या धर्मांच्या व जातींच्या चौघांनी एकाच ध्येयासाठी मरण पत्करलेले त्या जिल्ह्याने पाहिले. किशोरवयीन मेहबूब या वातावरणात वाढत होता आणि राष्ट्रीय चळवळीकडे ओढला गेला होता.

गिरणीत काम करताना त्यांच्यातला नेता प्रथम दिसला. बार्शीच्या गिरणी कामगारांच्या संपात त्यांनी पुढाकार घेतला आणि त्यासाठी तुरुंगवास भोगला. नगर जिल्ह्यातील विसापूरच्या तुरुंगात त्यांची गाठ कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी पडली. त्या सहवासात त्यांच्या रागाला विचारांची बैठक मिळाली. कामगाराचे दारिद्र्य हे त्याच्या नशिबाचे फळ नसून व्यवस्थेचे फळ आहे, ही जाणीव घेऊन ते बाहेर पडले आणि कम्युनिस्ट चळवळीशी जोडले गेले.

पोटासाठी त्यांना कोल्हापूर गाठावे लागले. तेथे मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेत त्यांनी काम केले. अमर शेख हे नाव त्यांना मिळाले ते याच काळात. एक शब्द संस्कृतातला, दुसरा अरबीतून आलेला. दोन्ही मिळून झालेले नाव मराठी माणसाच्या तोंडी इतके बसले, की मूळ नाव मेहबूब पटेल आहे हे बहुतेकांना ठाऊकही राहिले नाही.

अनेक गावांचे एक गाव

अमर शेख मुंबईत आले तेव्हाचे गिरणगाव समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही. लोअर परळ, लालबाग, चिंचपोकळी, करी रोड, वरळी, नायगाव, शिवडी हा सारा पट्टा गिरण्यांचा होता. कोकणातून आलेले चाकरमानी, सातारा-सांगली-कोल्हापूरचे घाटावरचे लोक, अहमदनगर-पुण्याकडचे दुष्काळी शेतकरी, उत्तर हिंदुस्थानातील विणकर मुसलमान, तेलुगू भाषक पद्मशाली असे नाना प्रकारचे लोक येथे एकत्र आले होते. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींच्या २०७ इमारती वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे उभ्या राहिल्या. एकेका खोलीत अनेक माणसे पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत.

माणसे एकत्र राहत असली तरी एकजीव झालेली नव्हती. गावकीची मंडळे वेगळी, खानावळी वेगळ्या, पाण्याच्या नळावरचे क्रम वेगळे. गिरणीच्या आतही जातीची भिंत उभी होती. साचाखात्यात मजुरी अधिक मिळे, पण तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना घेत नसत. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एका कामगाराच्या ओठांना लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागणार, म्हणून विटाळाची भीती. त्यामुळे दलित कामगारांच्या वाट्याला कमी मजुरीचे रिंगखाते येई. १९२८ च्या सहा महिन्यांच्या प्रचंड संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला होता. लाल बावट्याखाली एकत्र आलेल्या कामगारांतही भेद शिल्लक आहे, हे त्यामुळे उघड झाले.

कलांचेही तसेच होते. कोकण्यांचे नमन-खेळे, जाखडी आणि दशावतार, घाटावरच्यांची भजनी मंडळे आणि कलगीतुरा, लालबागच्या हनुमान थिएटरसारख्या ठिकाणचा ढोलकीचा तमाशा, मोहरमचे ताबूत, गणेशोत्सवाचे मेळे हे सारे गिरणगावात नांदत होते. परळला ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटके होत. प्रत्येक कलेला तिचा प्रेक्षक होता, पण बहुधा प्रत्येक समूह आपापल्या कलेपुरता जमत असे. तमाशा हा मुख्यतः दलित कलावंतांनी जगवलेला प्रकार असल्याने पांढरपेशा समाज त्याच्याकडे नाक मुरडून पाहत असे. अशा वस्तीला आपले म्हणता येईल असे सामाईक गाणे हवे होते.

लाल बावटा कलापथक

ते गाणे १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाने दिले. आदल्या वर्षी, मे १९४३ मध्ये, मुंबईतच इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन म्हणजे इप्टा ही संस्था स्थापन झाली होती आणि देशभरातील कलावंत लोककलांकडे नव्या दृष्टीने पाहू लागले होते. महाराष्ट्रात हे काम ज्या त्रयीने केले ती म्हणजे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर.

या तिघांच्या एकत्र येण्यातच कलापथकाचा अर्थ सामावलेला होता. अण्णा भाऊ वाटेगावच्या मातंग कुटुंबातले. वडिलांबरोबर पायी मुंबई गाठलेले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिलेले, गिरणीत राबलेले. अमर शेख बार्शीचे मुसलमान, क्लीनर आणि गिरणी कामगार. गव्हाणकर हे जाणते कवी आणि शाहीर. तमाशाची रग, पोवाड्याचा जोश आणि लोकगीतांचा गोडवा असे तीन प्रवाह येथे मिळाले. व्यासपीठावर जे एकत्र उभे होते तेच श्रोत्यांना एकत्र येण्यास सांगत होते, म्हणून त्यांच्या सांगण्यात खरेपणा होता.

कलापथकाचा संसार सुटसुटीत होता. डफ, तुणतुणे, ढोलकी, झांज आणि काही गळे. पडदे नाहीत, नेपथ्य नाही, रंगरंगोटी नाही. त्यामुळे खर्च नाममात्र आणि जागेची अडचण नाही. परळचे कामगार मैदान असो, नरे पार्क असो, वरळीचे जांबोरी मैदान असो की एखाद्या चाळीचे अंगण असो, अर्ध्या तासात रंगमंच तयार होई. मजकूर आजचा, चाल ओळखीची. त्यामुळे ऐकणारा दुसऱ्या कडव्यापासूनच साथ देऊ लागे. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याला वर्तमानपत्र, भाषण आणि करमणूक हे तिन्ही एका बैठकीत मिळत.

तमाशाचे रूपही या मंडळींनी पालटले. परंपरेने तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने होई. अण्णा भाऊंच्या वगनाट्यांत त्या जागी मातृभूमीला, श्रमिकांना आणि हुतात्म्यांना वंदन येऊ लागले. कोणत्याही धर्माच्या श्रोत्याला आपले म्हणता येईल अशी ही नांदी होती. गौळणीतील सवंगपणा गाळला गेला आणि सोंगाड्याचा तिखट विनोद मात्र राखला गेला. सावकार, काळाबाजारवाले, ढोंगी पुढारी हे त्या विनोदाचे लक्ष्य झाले. अकलेची गोष्ट, देशभक्त घोटाळे, माझी मुंबई अशी वगनाट्ये गाजली. ज्या कलेची हेटाळणी होत असे तिच्यातून कामगार स्वतःचे म्हणणे मांडू लागला आणि त्या कलेच्या मूळ धन्यांची मानही उंचावली.

या साऱ्यात अमर शेख यांचा आवाज ही वेगळीच शक्ती होती. पहाडी, धारदार आणि तरीही भावपूर्ण असा तो आवाज. ध्वनिक्षेपक नसला तरी मैदानाच्या टोकापर्यंत तो पोहोचे, असे त्यांना ऐकलेली माणसे सांगत असत. उंच उभारलेला हात, विस्कटलेले केस, छातीशी धरलेला डफ आणि अंगात भिनलेली लय यामुळे त्यांचे गाणे पाहण्याचेही होई. शब्द कोणाचेही असोत, अमर शेख यांनी गायल्यावर ते त्यांचे होत. यामुळे पुढे कर्तृत्वाची गल्लतही झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात गाजलेली माझी मैना गावावर राहिली ही छक्कड अनेकांना अमर शेख यांचीच वाटते. तिचे रचनाकार अण्णा भाऊ साठे होत. अमर शेख यांनी ती महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचवली.

दुष्काळ, बंड आणि फाळणी

कलापथकाचे विषय कामगारांच्या दारातले होते, तसे दूर देशीचेही होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे भुकेने मेली. त्या वेळी लोककलावंतांनी देशभर कार्यक्रम करून मदत गोळा केली. अण्णा भाऊंच्या बंगालची हाक या पोवाड्याने ती वेदना मराठी श्रोत्यांपुढे ठेवली. स्टालिनग्राडच्या लढ्यावरचा त्यांचा पोवाडा गिरणगावात घुमला. परळच्या खोलीत राहणारा कामगार आपल्याला न दिसलेल्या बंगालच्या शेतकऱ्याशी आणि व्होल्गाकाठच्या सैनिकाशी नाते सांगू लागला.

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या बंदरात नौसैनिकांनी बंड केले. २२ फेब्रुवारीला गिरण्या बंद पडल्या आणि गिरणगाव रस्त्यावर उतरले. लष्कराच्या गोळीबारात शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. परळमध्ये कमल दोंदे ही कार्यकर्ती गोळी लागून धारातीर्थी पडली. त्या दिवसांत हिंदू, मुसलमान, दलित, सवर्ण हे भेद रस्त्यावरच्या अडथळ्यांमागे उभ्या असलेल्या तरुणांनी मागे टाकले होते.

पण दीड वर्षातच चित्र पालटले. १९४७ च्या फाळणीने उत्तर हिंदुस्थानात रक्ताचे पाट वाहिले. अण्णा भाऊंनी पंजाब-दिल्लीच्या दंग्यावर पोवाडा रचला. ज्या काळात माणसाचे नाव ऐकून त्याच्याविषयी मत ठरवले जात होते, त्या काळात शेख नावाचा गायक बहुसंख्य हिंदू कामगारांसमोर डफ घेऊन उभा राहत होता आणि श्रोते त्याला आपला शाहीर मानत होते. सलोख्यावर भाषणे देणारे पुष्कळ होते. अमर शेख यांचे व्यासपीठावरील असणे हेच सलोख्याचे प्रत्यक्ष उदाहरण होते. खासगी आयुष्यातही त्यांनी आंतरधर्मीय विवाह करून आपली निष्ठा सिद्ध केली.

सत्तेला हे कलापथक मानवणारे नव्हते. १९४८ नंतर कम्युनिस्टांवर सरकारची वक्रदृष्टी झाली. तेव्हाच्या मुंबई राज्यात तमाशावर निर्बंध आले आणि लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांना बंदीला तोंड द्यावे लागले. तमाशा या नावाला आडकाठी आली तेव्हा लोकनाट्य हे नाव रूढ झाले आणि खेळ चालू राहिले. नाव बदलून का होईना, पण कला जगली. पुढे मराठी रंगभूमीवर लोकनाट्याची जी लाट आली तिच्या मुळाशी हा संघर्षाचा काळ आहे.

संयुक्त महाराष्ट्राचा रणशाहीर

अमर शेख यांच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन येथे निदर्शकांवर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होताच शहर पेटले आणि पुन्हा गोळीबार झाले. या लढ्यात शंभराहून अधिक हुतात्मे झाले. त्यांत गिरणगावच्या चाळींतील माणसे मोठ्या संख्येने होती. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, रिपब्लिकन विचाराचे कार्यकर्ते असे एरवी एकमेकांशी भांडणारे लोक एका मांडवाखाली आले.

हा मांडव उभा ठेवण्यात शाहिरांचा वाटा नेत्यांपेक्षा कमी नव्हता. आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, एस. एम. जोशी यांच्या सभांपूर्वी अमर शेख यांचे गाणे होई. भाषण सुरू होण्याआधी सभा बांधण्याचे, तापवण्याचे आणि वक्त्याच्या हाती सोपवण्याचे काम ते गाणे करी. अण्णा भाऊ, गव्हाणकर, आत्माराम पाटील आदी शाहिरांनी महाराष्ट्राचे खेडेन् खेडे जागे केले. अमर शेख यांनी शिवछत्रपतींचे पोवाडे गायले तेव्हा तो जयघोष कोणा एका धर्माचा राहिला नाही. रयतेचा राजा म्हणून शिवाजी महाराजांचे जे रूप जोतीराव फुल्यांच्या पोवाड्यापासून बहुजन समाजाने जपले, तेच रूप अमर शेख यांच्या डफातून प्रकटले. मराठी असणे म्हणजे विशिष्ट जातीचे वा धर्माचे असणे नव्हे, ही गोष्ट त्यांच्या गळ्याने लाखो लोकांच्या मनावर ठसवली.

या चळवळीला एक धोक्याची किनारही होती. मुंबई कोणाची, हा प्रश्न भांडवलदारांना विचारला जात होता, पण त्याचा रोख भाषिक अल्पसंख्याकांकडे वळण्याची भीती होती आणि जानेवारी १९५६ च्या दंगलीत ती काही अंशी खरीही ठरली. लाल बावट्याच्या शाहिरांनी मुंबईवरचा हक्क मांडला तो कष्टाच्या आधारे. ज्याने ही नगरी घडवली त्याची ती नगरी, मग तो कोणतीही भाषा बोलो. चळवळीच्या भरात ही रेषा सांभाळणे सोपे नव्हते. ती सर्वांनी आणि सर्वकाळ सांभाळली असे इतिहास सांगत नाही. तरीही गिरणगावातील गाण्यांनी भाषेच्या अभिमानाला वर्गाच्या न्यायाची जोड दिली, हे त्यांचे ऋण मान्य करावे लागते.

गोवा मुक्तिसंग्रामातही अमर शेख यांचा आवाज आघाडीवर होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्या लढ्यासाठी जनमत जागवणाऱ्या कलावंतांत ते होते. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. दोन्ही लढ्यांचे यश त्यांना पाहता आले.

कवी, संपादक, नट

मैदानातील गर्जनेमुळे अमर शेख यांच्यातला कवी काहीसा झाकला गेला. १९५१ मध्ये अमरगीत हा त्यांचा गीतसंग्रह प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी पहिला बळी हे नाटक आले. कलश हा काव्यसंग्रह १९५८ मध्ये आणि धरतीमाता १९६३ मध्ये प्रकाशित झाला. श्रमाची महती, मातीवरचे प्रेम, अन्यायाविरुद्धचा अंगार आणि आईविषयीची ओढ हे त्यांच्या कवितेचे विशेष. आचार्य अत्रे यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हणून गौरविले. रशियन क्रांतीच्या कवीप्रमाणेच अमर शेख यांची कविताही मोठ्याने म्हणण्यासाठी आणि जमावाने ऐकण्यासाठी होती. छापील पानावर ती वाचताना तिचा अर्धा भाग, म्हणजे तो आवाज, हरवतो. समीक्षकांनी त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही त्याचे एक कारण हेही असावे.

युगदीप आणि वख्त की आवाज या मासिकांचे संपादन त्यांनी केले. एक नाव मराठी, दुसरे हिंदुस्थानी. गिरणगावातील भाषांची सरमिसळ त्यांच्या लेखणीतही होती. आचार्य अत्रे यांच्या १९५४ सालच्या महात्मा फुले चित्रपटात आणि १९६१ मधील प्रपंच या चित्रपटात त्यांनी भूमिका केल्या. मात्र चित्रपटाच्या दुनियेने त्यांना मैदानापासून तोडले नाही.

अखेरचे पर्व

१९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा कम्युनिस्ट चळवळीत खोल मतभेद निर्माण झाले आणि १९६४ मध्ये पक्ष फुटला. ज्या झेंड्याखाली आयुष्य घातले त्याच घराचे दोन भाग झाले. अमर शेख यांची भूमिका मात्र स्पष्ट होती. चीनच्या आक्रमणाच्या वेळी आणि पुढे १९६५ च्या पाकिस्तान युद्धाच्या वेळीही त्यांनी गावोगाव कार्यक्रम करून संरक्षण निधीसाठी पैसा उभा केला. कम्युनिस्ट म्हणून आणि मुसलमान म्हणून ज्याच्या देशनिष्ठेवर बोट ठेवणे अनेकांना सोपे गेले असते, त्या माणसाने आपले उत्तर डफावर थाप मारून दिले. असे उत्तर वारंवार द्यावे लागणे ही मात्र समाजाची कसोटी होती. शाहीर त्या कसोटीला उतरले. समाज उतरला का, हा प्रश्न आजही संपलेला नाही.

१९६९ हे वर्ष मराठी लोकजीवनाला पोरके करून गेले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ साठे हलाखीत निवर्तले. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात अमर शेख यांचा अंत झाला. त्यांचे वय अवघे ५२ होते. अडीच महिन्यांत संयुक्त महाराष्ट्राची लेखणी, कथा आणि आवाज तिन्ही थांबले.

त्यांच्यानंतर गिरणगावही झपाट्याने बदलले. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत ही जागा शिवसेनेकडे गेली. कामगाराची ओळख वर्गावरून भाषेकडे आणि पुढे धर्माकडे सरकू लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो विधिवत मिटलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनी विकल्या गेल्या, कामगार उपनगरांत किंवा गावाकडे पांगले. ज्या मैदानांवर कलापथक उभे राहत असे त्यांच्या चहूबाजूंनी मनोरे उठले.

वारसा

अमर शेख यांचा वारसा पुतळ्यांपेक्षा माणसांत अधिक शोधावा लागतो. कलापथकाच्या वातावरणात घडलेले नारायण सुर्वे गिरणी कामगाराचे आयुष्य थेट मराठी कवितेत घेऊन आले. अण्णा भाऊंनी १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले आणि पुढच्या बंडखोर साहित्याला दिशा दिली. अमर शेख यांची कन्या मल्लिका अमर शेख या स्वतंत्र शैलीच्या कवयित्री म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्या आत्मकथनात वडिलांच्या घराचे आणि त्या काळाचे चित्र उमटले आहे. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्या प्रवाहाला अमर शेख हे आपले पूर्वज वाटतात ते उगीच नव्हे. मुंबई विद्यापीठात शाहिरांच्या नावाचे अध्यासन आहे आणि तेथे लोककलांचा अभ्यास होतो.

त्यांच्या कलेवर एक आक्षेप घेतला जातो. ती पक्षाच्या प्रचारासाठी राबली, म्हणून ती शुद्ध कला नव्हे. पक्षाचे धोरण बदलले की गाण्याचा सूर बदलावा लागे, हे कलापथकांच्या बाबतीत काही वेळा घडले, हे नाकारता येत नाही. परंतु या आक्षेपात एक गोष्ट निसटते. गिरणगावातील माणसाला तोवर कोणी त्याच्या भाषेत, त्याच्या चालीवर, त्याच्याविषयी गाणे ऐकवले नव्हते. तो इतरांच्या कलेचा प्रेक्षक होता. कलापथकाने त्याला कलेचा विषय केले आणि साथीदारही केले. कोकणातला साचेवाला, रिंगखात्यातला दलित कामगार, मदनपुऱ्यातला विणकर आणि खानावळवाली बाई हे एका मैदानात बसून एकच ध्रुवपद म्हणू लागले, तेव्हा त्यांच्यातील भेद नाहीसे झाले नाहीत. मात्र त्या भेदांपलीकडे आपले काही सामाईक आहे, हे त्यांना उमगले. संपाच्या काळात उपाशीपोटी एकत्र टिकून राहण्याचे बळ अशा उमजेतून येते.

आज सामुदायिक कलेच्या नावाखाली भिंतीचित्रे, पथनाट्ये, महोत्सव असे अनेक उपक्रम शहरांतून होत असतात. त्यांना अनुदाने मिळतात, प्रायोजकही मिळतात. अमर शेख यांच्यापाशी यांपैकी काही नव्हते. त्यांच्यापाशी आईच्या ओव्या होत्या, गिरणीतला घाम होता, अण्णा भाऊ आणि गव्हाणकरांसारखे सोबती होते, आणि ज्यांच्यासाठी गायचे त्यांच्यातच राहण्याची तयारी होती. लोअर परळच्या नव्या वस्तीत आज देशभरातून आलेले तरुण कामाला येतात. त्यांच्याही भाषा निराळ्या आणि गावे निराळी आहेत. शंभर वर्षांपूर्वी याच जागी आलेल्या परक्या माणसांना चाळ, मैदान आणि डफ यांनी शेजारी बनवले होते. नव्या परळला अजून तसे सामाईक गाणे मिळालेले नाही.